अभय कोणी द्यावे?

मद्य सोडण्याचा संकल्प करून देवापुढे नारळ ठेवणारा गृहस्थ दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भीतीने कापू लागला, की घरची मंडळी म्हणतात, ‘याची श्रद्धाच कच्ची.’ हा निवाडा आम्हांस अन्यायाचा वाटतो. वर्षानुवर्षे मद्याच्या अंमलाखाली दबलेली मज्जासंस्था ते बंद होताच उसळते. झोप उडते, हात थरथरतात, अकारण धास्ती वाटते. क्वचित आकडी येते, वाताचा भ्रम होतो, आणि ते प्राणावरही बेतते. आपल्या हैदराबादेत तर शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत. अशी शिंदी एकाएकी तुटल्याने कासावीस झालेले रोगी एर्रागड्ड्याच्या मानसिक रुग्णालयात आणावे लागले आहेत. म्हणून प्रारंभीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीतच काढावेत. नवस जरूर करावा, पण तो औषधाच्या जागी नव्हे.

शरीर निवळल्यावरही एक भय मागे उरतेच. गेलेली पत परत येईल काय? लग्नघरी कोणी पेला पुढे केला तर? येथे ‘धीर धर’ एवढे सांगून भागत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून होते, म्हणून अभय हा ज्याने त्याने कमवावयाचा गुण, असे आपण धरून चालतो. परंतु आपल्या देवमूर्तींचा वर उचललेला हात पाहावा. तो अभय देतो. मग ज्याच्यापाशी ते उरलेच नाही, त्याने ते एकट्याने निर्माण करावे, हा हट्ट कशासाठी?

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून त्यास जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार फसला होता आणि मद्यशाळा चार पावलांवर होती. तो घाबरला. त्याने दूरध्वनीवरून एका धर्मोपदेशकास गाठले, पण मागणी केली ती उपदेशाची नव्हे. बोलावयास दुसरा एखादा मद्यपी मिळेल काय, ही. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा आरंभ झाला. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नवागतांचा हात धरतात. भ्यालेल्यास भ्यालेल्याची भाषा कळते, हेच खरे.

घरातील भयाचे काय? तो परतला की पत्नी दारातच त्याच्या श्वासाचा वास घेते, मुले पावलांचा आवाज ओळखून गप्प होतात. ‘आता विश्वास ठेवा’ असे बाहेरून सांगणे फार सोपे! अनेक वर्षे फसलेल्या त्या माउलीस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिलाही कोणी अभय दिले पाहिजे, आणि तिच्या शंकेने दुखावणाऱ्या पतीने ती शंका काही काळ सोसली पाहिजे.

पण देवळाच्या मंडळींकडे तरी तिच्यासारखे कारण नाही. दोन वर्षे मद्यास न शिवलेल्या गृहस्थाच्या हाती उत्सवाच्या वर्गणीची पेटी व किल्ली देण्यास आपण तयार आहो काय? हे लिहिताना आमचेही मन क्षणभर कचरले, हे येथे कबूल करतो.