भरवसा कुणाच्या खर्चाने?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपासनेच्या वेळी साक्ष देण्याची पद्धत आहे. कुणाचे ऑपरेशन सुखरूप पार पडलेले असते, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. उभे राहून सांगितले जाते की प्रभूने पुरवले. ज्याची नोकरी नुकतीच सुटली आहे, तो सहसा उभा राहत नाही. त्यामुळे देवावरच्या भरवशाच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्या बहुतेक शेवट गोड झालेल्याच असतात. रोजच्या अडचणींत भरवसा म्हणजे नेमके काय, हे त्यांतून कळत नाही. ते कळायला घरातला हिशेब पाहावा लागतो.

मराठीत हा हिशेब लक्ष्मीबाई टिळकांइतक्या मोकळेपणाने कुणी मांडलेला नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. समोर गरजू उभा राहिला की खिसा मोकळा, उद्याचे देव पाहील. आकाशातल्या पाखरांकडे पाहा, उद्याची चिंता करू नका, ही येशूची शिकवण त्यांनी अक्षरशः घेतली होती. पण उद्या उजाडला की रिकाम्या डब्यांसमोर लक्ष्मीबाई उभ्या असत. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की नवऱ्याच्या श्रद्धेची उधारी बायको फेडते आहे.

टिळकांचा भरवसा खोटा नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. उतारवयात बांधलेला पगार सोडणे हे ढोंग्याचे काम नव्हे. तरीही प्रश्न उरतोच. स्वतःची भाकरी देवावर सोडणे ही श्रद्धा. दुसऱ्याची भाकरी त्याला न विचारता देवावर सोडणे, याला काय म्हणायचे? लक्ष्मीबाईंनी हा प्रश्न व्याख्यान म्हणून मांडला नाही. त्या भांडल्या, रुसल्या, थट्टा करत राहिल्या आणि घर चालवत राहिल्या. त्यांचा स्वतःचा विश्वासही नवऱ्यामागून फरफटत आला नाही. सोवळ्याओवळ्याशी झगडत, पाचेक वर्षांनी, आपल्या पायांनी आला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिले होते. ते पुढे त्यांनीच पुरे केले.

याच काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या ‘मुक्ती’ या निराधार स्त्रियांच्या आश्रमात दुसरा प्रयोग चालू होता. त्यांच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले होते. ती मुदत संपत आली आणि नेमका १८९६-९७ चा दुष्काळ पडला. कुणीही अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि हिंदुस्थानात असा भरवसा ठेवता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता.

पुढच्या दुष्काळाची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. मुक्तीच्या बाकीच्या विहिरी आटल्या, दोनच विहिरींत थोडे पाणी उरले. सुमारे १,९०० माणसे, शिवाय गुरे आणि बांधकाम. दिवसभरात पाणी तळाला जाई, पुन्हा झऱ्याने भरे. रमाबाईंनी यात देवाचा हात पाहिला. पण ज्या विहिरींना झरे फुटले त्या आधी कुणीतरी खणल्या होत्या, हेही तितकेच खरे. मुक्तीत प्रार्थनेइतकेच विणकाम, शेती आणि छापखाना चाले. आलेल्या मुलीला जेवणाबरोबर हाताला काम मिळे.

म्युलरचेही तसेच. तो कुणापुढे हात पसरत नसे, पण दरवर्षी जमाखर्च छापून प्रसिद्ध करी. हे आडवळणाने मागणेच झाले, अशी टीका त्याच्यावर झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. मात्र त्या छापील हिशेबामुळे किती पैसा आला आणि तो कशावर खर्च झाला, हे कुणालाही पाहता येत होते. ही पारदर्शकता त्याच्या श्रद्धेचाच भाग होती.

आणि पुरवठा झाला नाही तर? रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, मुक्तीचा भार पुढे तीच उचलणार असे धरलेले, १९२१ मध्ये गेली. त्या दुःखाला गोड शेवट नाही. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये वारल्या.

आज एखाद्या घरात पगार थकला असताना ‘प्रभू पुरवील’ असे सांगून निघून जाणे सोपे आहे. याकोबाच्या पत्रात नेमक्या याच वागण्याला फटकारले आहे: उपाशी माणसाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास तिथे मेलेला ठरवला आहे. मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो. त्यात रंगरंगोटी आणि साउंड सिस्टीम यांच्या रकमांशेजारी अडलेल्या कुटुंबांसाठी किती ठेवले, तो आकडा सभासदांनी मोठ्याने विचारायला हवा. आकडा लाजिरवाणा निघाला, तर पुढच्या रविवारच्या साक्षींआधी तो वाढवावा.