विजेवरचा ट्रक आणि कर्मादान

जैन श्रावकाने टाळावेत अशा पंधरा धंद्यांना कर्मादाने म्हणतात. उपासकदशांग या जैन आगमग्रंथात त्यांची यादी येते आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचा खुलासा केला आहे. त्यांतले एक भाटककर्म: बैल, रेडे, उंट, खेचरे यांच्याकडून दुसऱ्याचा माल भाड्याने वाहून पोट भरणे. भाडे मालकाला मिळते आणि ओझे मुक्या जनावराच्या मानेवर पडते, हा त्यातला दोष. अहिंसा अणुव्रताच्या (गृहस्थाच्या मर्यादित व्रताच्या) पाच अतिचारांत, म्हणजे दोषांतही, अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझे लादणे, वेगळे नोंदले आहे. व्यापारउदिमात मुरलेल्या समाजाने ही यादी तंतोतंत पाळली, असे मात्र नाही.

डिझेल इंजिनाने बैलाची मान सोडवली, पण त्रास संपला नाही. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर कंटेनर लादलेले ट्रेलर खोळंबतात, तेव्हा इंजिने जागच्या जागी घरघरत राहतात. त्या मालाशी काडीचा संबंध नसलेल्यांच्या छातीत तो धूर जातो. केंद्र सरकारच्या म्हणण्यानुसार डिझेल ट्रक एकूण वाहनांच्या 3 टक्केच आहेत, पण वाहतुकीतल्या हरितगृह वायूंपैकी 42 टक्के त्यांच्यामुळे सुटतात. विजेचा ट्रक रांगेत उभा असताना धूर सोडत नाही. उतारावर वेग कमी करताना तर त्याची मोटर थोडी वीज बॅटरीत परत भरते. टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ तेवढी उरते.

आता नीतीचा प्रश्न. हिंसा कमी झाली, की नुसती गाव बदलून बसली?

हिशेब मांडून पाहावा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेला अवजड ट्रक लिटरला तीन किलोमीटर धावतो असे धरले, तर किलोमीटरमागे 0.9 किलो. तेवढ्याच ओझ्याला किलोमीटरमागे विजेची सव्वा ते दीड युनिटे लागतात असे धरू. देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची, त्यामुळे युनिटमागे सरासरी 0.7 किलो. उत्तर 0.9 ते 1 किलोच्या घरात येते. डिझेलच्या बाजूला तेल उपसण्याचा आणि शुद्ध करण्याचा भार मिळवला, तरी आजची बचत जाहिरातीत दिसते तेवढी मोठी नाही. उरणचा धूर चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो, एवढा फरक. गंमत अशी की, कोळसे पाडणे आणि भट्ट्या चालवणे हे अंगारकर्म आणि जमीन खणणे-फोडणे हे स्फोटकर्म, दोन्ही कर्मादानांच्या त्याच यादीत आहेत.

जैन कर्मविचारात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे भेद आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. चिमणी दीडदोनशे कोसांवर असली, तरी विजेचे बिल भरणारा कारितातून सुटत नाही. मात्र हीच परंपरा सगळी हिंसा एका मापाने मोजत नाही. गृहस्थाच्या धंद्यात अटळपणे होणारी उद्योगी हिंसा ती जाणूनबुजून केलेल्या संकल्पी हिंसेहून वेगळी धरते, आणि प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, हे दोषाचे मूळ मानते. विजेच्या ट्रकची बाजू इथे वरचढ ठरते. डिझेलचा लिटर दहा वर्षांनीही तेवढाच धूर देणार. विजेचे युनिट मात्र सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसे हलके होत जाते. मालकाने डेपोच्या पत्र्यावर पॅनेल बसवले, गाड्या दुपारच्या उन्हाच्या वेळेत चार्ज केल्या, तर दोष आजच घटतो. ते जमण्यासारखे असून रात्री मिळेल त्या विजेवर भागवणे म्हणजे प्रमाद.

जुन्या गाडीचे काय होते, यावरही बरेच अवलंबून आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला कमाल 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन आहे, पण त्यासाठी जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचा दाखला सक्तीचा आहे. अट नसती तर तो ट्रक विकला गेला असता आणि दुसऱ्या मालकाच्या हाती धूर ओकत राहिला असता. कारिताचा एक मार्ग त्यामुळे बंद होतो. अनुमोदितापर्यंत मात्र योजना पोचत नाही. सर्वांत स्वस्त भाडे सांगणाऱ्या गाडीला माल देणारा कारखानदार आणि पार्सल उद्याच दारात हवे म्हणणारे गिऱ्हाईक, यांच्याकडे कुठलाही दाखला मागितला जात नाही.