आत थांबणार की बाहेर?

"आत थांबणार की बाहेर?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "बाहेर." हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

भाकरी आमच्याकडे आली तेव्हा मी बारावीला होतो. पार्किंगमध्ये बाबांच्या स्कूटरखाली भिजत बसलेलं गावठी पिल्लू, रंग तव्यावर थोड्या करपलेल्या भाकरीचा. माझं इंजिनिअरिंग, पहिली नोकरी, लॉकडाऊन, दोन ब्रेकअप, सगळं तिनं पाहिलं. गेल्या वर्षी तिच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार बरा होत नाही. आहार, औषधं आणि सलाइन यांच्या आधारानं थोडा वेळ मिळतो, एवढंच.

सुरुवातीला दिवसाआड क्लिनिकमध्ये जायचो. डॉक्टर दहा मिनिटं बघायचे. उरलेला तासभर भाकरी एका माणसाच्या हातात असायची. सगळे त्याला कंपाउंडर म्हणायचे, मी दादा म्हणायचो. पायावरचे केस काढून शीर शोधणं, सुई लावताना तिला धरणं, तिनं ओकलं की पुसणं, हे सगळं दादाचं काम. चौदा वर्षांपूर्वी तो तिथे झाडलोट करायला लागला आणि बघून बघून शिकला. बिलावर औषधांची नावं असायची, डॉक्टरांचं नाव असायचं. त्याचं कुठेच नव्हतं.

घरी सलाइन द्यायला मला त्यानंच शिकवलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलायची, खाली छोटा तंबू होतो, त्यात सुई घालायची. माझा हात थरथरायला लागला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही घाबरलात की ती घाबरते. आधी तुम्ही श्वास घ्या."

मी सॉफ्टवेअरवाला. घाबरलो की स्प्रेडशीट बनवतो. वजन, किती खाल्लं, किती पाणी प्यायली, क्रिएटिनिन, सगळं त्यात होतं. शोधताना ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यकांनी २००४ मध्ये मांडलेली एक मोजपट्टी सापडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर प्राण्याचं जगणं अजून बरं चाललंय असं धरायचं. मी रोज रात्री भरायचो. ४१, ३९, ३८, ३६, ३७, ३६.

एका रविवारी वजन करायला गेलो. दादानं तिला काट्यावरून उतरवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मी बोलायला नको. पण ही आता वास घेत नाही."

आधी भाकरी क्लिनिकमध्ये शिरली की पहिल्यांदा दाराजवळचा कोपरा हुंगायची. तिथे दिवसभरात कोण कोण येऊन गेलं ते तिला वाचायचं असायचं. गेले काही आठवडे ती सरळ येऊन फरशीवर बसत होती. माझ्या शीटमध्ये त्यासाठी कॉलम नव्हता. 'आनंद' नावाचा होता आणि त्यात मी रोज सहा लिहीत होतो, कारण मी घरी आलो की ती शेपूट एकदा हलवायची.

त्या रात्री मी काय करत होतो ते मला कळलं. आमच्या कामात एक वाईट सवय असते. टेस्ट फेल व्हायला लागली की कोड सुधारण्याऐवजी टेस्टच थोडी सैल करायची. मी तेच करत होतो. आकडे भाकरीचे होते, पण ते भरणाऱ्याला ती हवी होती. मोजपट्टी चांगली होती. तिला भरणाऱ्याचा स्वार्थ मोजता येत नव्हता, एवढंच.

माणसाला विचारता येतं: अजून उपचार हवेत का? प्राण्याला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपण बोलतो, आणि बोलणारा तोच असतो ज्याला त्याच्या जाण्यानं सगळ्यात जास्त त्रास होणार असतो. दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात आपण याला हितसंबंध म्हटलं असतं. इथे प्रेम म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

मग खरं कोण सांगणार? ज्याचे हात रोज शेकडो जनावरांना लागतात आणि ज्याला त्यांतलं कुठलंच स्वतःजवळ ठेवायचं नसतं, तो. पण त्याचं वाक्य 'मी बोलायला नको' इथून सुरू होतं. तो भित्रा नाही, त्याला बोलायला जागाच नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचारांचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा. पशुसंवर्धनाची पदविका असलेल्यांना राज्य सरकारच्या परवानगीनं आणि पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. निदान करण्याचा हक्क शिकलेल्याकडेच हवा, यात वाद नाही. पण त्या पदविकेचा रोख गाई-म्हशी-शेळ्यांवर असतो. शहरातल्या कुत्र्या-मांजरांना धरणारे दादा बहुतेक वेळा कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत.

ब्रिटनमध्ये अशा कामाचं औपचारिक प्रशिक्षण १९६१ मध्ये सुरू झालं. तेव्हा 'नर्स' हा शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी कायद्यानं राखीव होता, म्हणून या लोकांना 'ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलियरी' म्हणायचे. 'व्हेटर्नरी नर्स' हे नाव १९८४ मध्ये मिळालं. नुसत्या नावानं काय होतं, असं मलाही वाटायचं. नाव असलं की अभ्यासक्रम असतो, पगाराची भाषा असते, आणि 'माझं निरीक्षण असं आहे' असं म्हणता येतं. आपल्याकडे तेच निरीक्षण माफी मागत बाहेर येतं.

तीन दिवसांनी मी निर्णय घेतला. आणि मग बाहेर थांबलो.

बाकावर बसून मी स्वतःला समजावत होतो. ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक थोडेच आत असतात? ज्याचं काम त्यानं करावं. आज मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. इंजेक्शन देणं हे कौशल्य आहे, ते दुसऱ्यावर सोपवणंच योग्य. पण तिच्या नाकाला ओळखीचा वास असणं हे कौशल्य नव्हतं. त्या खोलीत ते फक्त माझ्याकडे होतं आणि मी ते बाहेर घेऊन बसलो. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाटी घेऊन मीही धावलो असतो. शेवटी नुसतं बसायचं होतं, ते जमलं नाही.

प्रत्येकानं आत थांबलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. मालक ओक्साबोक्शी रडायला लागला तर कुत्रं आणखी बिथरतं, आणि मग बाहेर थांबणं हीच दया असते. प्रश्न इतकाच, की मी तिच्यासाठी बाहेर थांबलो का? नाही. माझ्यासाठी थांबलो.

दादा बाहेर आला आणि म्हणाला, "शांत गेली." खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क मी बाकावर बसून गमावला होता. मी पाचशेची नोट पुढे केली. त्यानं घेतली, खिशात ठेवली आणि पुढचं मांजर आत घेऊन गेला.

बर्नार्ड रोलिन या तत्त्वज्ञानं या कामातल्या ताणाला 'नैतिक ताण' म्हटलं होतं. प्राण्यांवर माया आहे म्हणून जे या कामात येतात, त्यांनाच प्राण्यांच्या मरणात हात घालावा लागतो, आणि हा ताण सुट्टी घेऊन जात नाही. दादाच्या त्या दिवसाच्या ताणात माझा वाटा मी टाकला. पाचशे रुपयांत तो परत घेता येत नाही.

महिन्याभरानं मी ती शीट पुन्हा उघडली आणि जुने रकाने खरेपणानं भरले. बेरीज ३५ च्या खाली गेली ती तारीख शेवटच्या दिवसाच्या सतरा दिवस आधीची निघाली. ते सतरा दिवस मी भाकरीकडून घेतले होते.

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा बोका म्हातारा झालाय, मोजपट्टी पाठव म्हणाली. पाठवली, आणि सोबत लिहिलं: "एकटी भरू नकोस. क्लिनिकमधल्या दादासमोर बसून भर. तो आधी म्हणेल, मी बोलायला नको. तू म्हण, बोला."