पुजाऱ्याचा हात

1506 च्या जानेवारीत रोममधल्या एस्क्विलाईन टेकडीवर एका द्राक्षमळ्यात खणताना कुदळीखाली संगमरवरी माणसे लागली. पोप दुसरे ज्युलियस यांनी स्थपती जुलियानो दा सांगालो यांना पाहायला धाडले; मायकेलअँजेलोही बरोबर होता. खड्ड्यात डोकावताच सांगालोंना ओळख पटली. हा प्राचीन रोमन लेखक प्लिनीने वाखाणलेला लाओकून! ‘लाकडी घोडा आत घेऊ नका’ म्हणून ट्रॉयवासीयांना बजावणारा पुजारी, त्याचे दोन मुलगे आणि तिघांना आवळणारे साप.

प्लिनीने हे शिल्प एकाच शिळेतले म्हटले होते. मायकेलअँजेलोने नीट न्याहाळले, तर त्यात सांधे निघाले. पोथी एक सांगत होती, दगड दुसरेच.

पुजाऱ्याचा उजवा हात मात्र गायब होता. तो कोपरात वाकून डोक्यामागे गेला असावा, असे मायकेलअँजेलोचे मत होते म्हणतात. ते इतरांना रुचले नाही. एवढा प्राचीन वीर, तो मरताना हात आखडून घेईल? 1532 च्या सुमारास मोंतोर्सोली या शिल्पकाराने नवा हात जोडला, ताठ, थेट आभाळाकडे झेपावणारा. दिसायला देखणा होता, यात वाद नाही. पुढच्या पिढ्यांनी तोच खरा मानला. चित्रांत तो, प्रतिकृतींत तो. (पांढऱ्या रंगाचेही तसेच. जुने लोक मूर्ती रंगवत. रंग मातीने खाल्ला आणि मागाहून आलेल्यांना उरलेला पांढरा दगडच अभिजात वाटला.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग पोलाक या पुराणवस्तूंच्या जाणकाराला रोममध्येच, दगडकाम करणाऱ्याच्या आवारात, एक संगमरवरी हात दिसला. कोपरात वाकलेला. त्याने तो व्हॅटिकनच्या संग्रहालयाला दिला आणि हात तिथे पन्नासेक वर्षे नुसता पडून राहिला. दरम्यान 1943 मध्ये नाझींनी ज्यू पोलाकला आउश्वित्झला नेले. तो परतला नाही.

1957 मध्ये तज्ज्ञांनी कबूल केले, हा हात याच मूर्तीचा. मोंतोर्सोलीचा हात उतरवला गेला, वाकलेला बसवला. आता पुजारी कुणाला हाक मारत नाही; वेदनेत आत वळलेला दिसतो. युरोपातल्या कितीतरी जुन्या प्रतिकृतींत मात्र तो अजून आभाळाकडे हात ताणून उभा आहे.