मोजलेला टाका

भरतकामाच्या दोन रीती आहेत. एकीत कापडावर आधी रेखाटन होते आणि दोरा त्या रेषेवरून जातो. दुसरीत रेखाटन नसतेच. कापडाचे धागे मोजून टाका घातला जातो. इरकली लुगड्यांमुळे मराठी घरांना परिचित असलेली धारवाडकडील कसुती या दुसऱ्या रीतीची, आणि जपानच्या उत्तरेकडील त्सुगारू प्रांतातील कोगिनही तिचीच. कसुतीच्या गवंती टाक्यात दोरा जाताना एकाआड एक जागा मोकळी सोडतो व परतताना ती भरतो. त्यामुळे कापडाची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. कोगिनमध्ये धागे एक, तीन, पाच अशा विषम संख्येने मोजले जातात.

कोगिन शिकणारी व्यक्ती त्सुगारूत असो वा रायपूरच्या तेलीबांध्यात, तिच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. एका ओळीत एक धागा चुकला, तर चूक तेथे दिसत नाही. काही ओळींनंतर शंकरपाळ्याची आकृती जुळेनाशी होते, तेव्हा ती कळते. मग उसवावे, की पुढे एक धागा कमी मोजून सावरून घ्यावे? पाहणाऱ्याला बहुधा फरक जाणवणार नाही. परंतु येथे प्रत्येक टाका हा पुढच्या मोजणीचा आधार असतो. झाकलेली चूक एकटी राहत नाही. नंतरच्या प्रत्येक ओळीला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. असत्याचे व्यवहारातील स्वरूपही याहून वेगळे नसते. म्हणून उसवण्याचे मूल्य पाहणाऱ्याच्या संमतीवर अवलंबून नाही.

मात्र या शिस्तीचा गौरव करताना तिचा इतिहास विसरता येत नाही. त्सुगारूच्या सत्तेने 1724 मध्ये शेतकऱ्यांना सुती वस्त्रे वापरण्यास मनाई केली. अंबाडीसारख्या ताग्यांच्या विरळ, जाड कापडातून थंडी आत शिरे. ते ऊबदार आणि टिकाऊ व्हावे म्हणून स्त्रिया त्यात दोरा भरीत. जी शिस्त आज कला म्हणून शिकवली जाते, ती प्रथम गरज होती, आणि त्या गरजेमागे सक्ती होती. 1932 मध्ये यानागी सोएत्सु यांनी या कामाचे मोल जाणकारांपुढे मांडले. अनाम कारागिरांच्या निरहंकारी निर्मितीत त्यांना सौंदर्याचा आदर्श दिसत असे. पण निरहंकार ही वृत्ती आहे. अनामिकता अनेकदा केवळ परिस्थिती असते. त्या स्त्रियांना नाव नको होते, की ते कोणी विचारलेच नाही?

नवशिका स्वेच्छेने मोजतो, कंटाळला तर काम बाजूला ठेवू शकतो. त्याचे उसवणे हा त्याचा निर्णय असतो, म्हणूनच त्याला नैतिक अर्थ येतो. त्सुगारूच्या स्त्रीला कापड बाजूला ठेवण्याची मोकळीक नव्हती; तरीही तिने केवळ ऊब साधून न थांबता फूल, दाणा, मांजराचा डोळा अशा आकृती मोजून उभ्या केल्या. ऊब ही गरज होती. आकृती बिनचूक जुळवण्याचा आग्रह तिचा स्वतःचा होता. तिच्या कामाचा आदर करायचा तो या आग्रहासाठी, तिच्यावर लादलेल्या हुकमासाठी नव्हे.