वहीतला रकाना

सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. गाईंचं दूध डेअरीला घालणं वडिलांकडे, गावरान कोंबड्या आणि अंडी आईकडे, तर संगमनेरी शेळ्या आबांच्या.

नातू कृषी पदविका घेऊन घरी आला. त्यानं वही काढून प्रत्येक जनावराचा जमाखर्च मांडला. शेळ्या सगळ्यांत खाली निघाल्या.

"आबा, शेळ्या विकू. थोडं कर्ज काढू आणि ब्रॉयलरचं शेड उभारू. दीड महिन्यात पक्षी विक्रीला येतो."

"शेड घाल, पोरा. शेळ्यांना मात्र हात लावू नको."

शेड झालं, दोन-चार लॉट चांगले गेले. मग २०२० उजाडलं. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, अशी अफवा मोबाइलवरून घरोघरी पोचली आणि भाव इतका पडला, की खाद्याचाही खर्च निघेना. तयार पक्षी खात होते, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, खाद्यवाल्याची उधारी फुगत होती. तिकडे कोंबडी सोडलेले लोक मटणाकडे वळल्यानं बोकडांचा भाव चढला. आबांनी चार बोकड काढले आणि उधारी फेडली.

नातू म्हणाला, "पटलं, आबा. आता शेड मोडून शेळ्याच वाढवू."

आबा हसले. "वही अजून उलटीच धरलीस. कोण किती देतं, एवढंच तू लिहिलंस. कोण कधी देतं, त्याचा रकानाच नाही. अंड्यांवर रोजचं मीठ-मिरची भागतं. दुधाचा पैसा दहा दिवसांनी हाती येतो. बोकड अडल्या दिवशी कामाला येतो. लेंडीखत कांद्याला जातं, त्याची पावती कुणी फाडत नाही."

शेड राहिलं. २०२२ साली गुरांमध्ये लम्पी रोग आला. गाई आजारी पडल्या, दूध आटलं, जनावरांचे बाजार बंद झाले. त्या महिन्यांत औषधपाणी आणि घरखर्च निघाला तो अंड्यांवर आणि नातवाच्या शेडवर.

आबांनी स्वतःच वही मागवली आणि शेडपुढे नवा रकाना भरायला लावला.

तात्पर्य: जनावर असो की माणूस, त्याची किंमत एका हंगामाच्या हिशेबावर ठरवू नये; ज्याची पाळी आज नाही, त्याची उद्या येते.