दिलेले की टाकलेले?

नाताळ जवळ आला की घरोघरी कपाटे आवरली जातात. आखूड झालेली पँट, कॉलर विरलेला शर्ट, रंग उतरलेली साडी यांचे गाठोडे बांधून आपण ते ‘गरिबांसाठी’ म्हणून बाजूला ठेवतो आणि मनाला बरे वाटते. बरे वाटण्यात गैर काही नाही. पण हे गाठोडे म्हणजे दान आहे की घरातील अडगळ काढण्याची सोय, हा प्रश्न आगमनकाळात आपण स्वतःला विचारायला हवा, असे आम्हांला वाटते.

मोठ्या शहरात हा प्रश्न फारसा कोणाला अडवत नाही. मुंबईतला किंवा नागपुरातला माणूस आपली पिशवी एखाद्या संस्थेत नेऊन देतो, नाहीतर २०१६ च्या सुमारास आपल्या राज्यातील अनेक शहरांत सुरू झालेल्या ‘माणुसकीच्या भिंती’वर कपडे टांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. तो शर्ट पुढे कोणाच्या अंगावर गेला, हे त्याला कधीच कळत नाही. उजव्या हाताने केलेले दान डाव्या हाताला कळू नये, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. शहरात ती आपोआप पाळली जाते.

सालेकसा येथे तसे नाही. येथे दिलेला शर्ट आठ दिवसांत बाजारात समोरून चालत येतो. कधी तो आपल्याच मुलाच्या वर्गातील दुसऱ्या मुलाच्या अंगावर दिसतो आणि आपला मुलगा सर्वांदेखत म्हणतो, “हा तर माझा!” मुलाच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याने तो शर्ट घातला आहे तो पुन्हा तो घालील का? मग थंडी वाजली तरी चालेल, असे त्याला वाटले तर त्यात दोष कोणाचा?

कपडा जुना असणे हा मुळीच अपमान नव्हे. आपल्याकडे नवजात बाळाला आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे करतात, कारण नवे कापड त्याच्या अंगाला टोचते. थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा यात कोणत्याही घराला कधी कमीपणा वाटला नाही. फाटक्या साड्यांची गोधडी होते आणि तिच्या उबेला तोड नसते. या सर्व ठिकाणी कापड जुने आहे, पण ते कोणासाठी आहे हे देणाऱ्याला ठाऊक आहे. गाठोड्यातील कपडा मात्र ‘कोणीतरी गरीब’ माणसासाठी असतो. त्या माणसाला चेहरा नसतो आणि मापही नसते.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीचा ओघ लागला. त्यात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते. ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळी बांधवांनी घरदार गमावले होते, स्वाभिमान गमावला नव्हता. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण कपडे गाडीत भरताना ते कोण घालणार, याचा विचार झालेला नव्हता. आपल्या भागातही हेच घडू शकते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्या बाईला शहरातून आलेली जरीकामाची नायलॉन साडी काय कामाची? तिला सुती, धुवायला सोपे आणि लवकर वाळणारे पातळ हवे.

यावर खूप विचार करणाऱ्यांपैकी एक अंशू गुप्ता. त्यांनी १९९९ साली दिल्लीत घरातील ६७ कपड्यांनिशी ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. पुढे २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांतून आलेले कपडे तेथे निवडले जातात, दुरुस्त होतात आणि मग खेड्यात जातात. तेथे गावकरी आपल्याच गावासाठी विहीर खणतात, रस्ता करतात, तळ्यातील गाळ काढतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून कपडे घेतात. शहरी माणूस बहुधा दान करत नाही, नको ते टाकून देतो, असे गुप्ता स्पष्टपणे सांगतात. हे ऐकायला कडू आहे, पण खोटे नाही.

कोणी म्हणेल, कपड्याच्या बदल्यात काम घेणे ख्रिस्ती प्रेमात कसे बसते? देवाची कृपा तर फुकट आहे! खरे आहे. देवाच्या कृपेचा घेणाऱ्यावर भार होत नाही. माणसाने फुकट दिलेल्याचा मात्र होतो. दारावर येणारी बोहारीण पाहा. जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले देताना ती घरच्या बाईशी तासभर घासाघीस करते, रुसते, उठून जाते, परत येते. त्या व्यवहारात धर्मकार्य नाही, पण कोणाला मान खाली घालावी लागत नाही. आमच्या मते दानाने तिच्याकडून एवढे तरी शिकावे. अंथरुणाला खिळलेली आजी किंवा आजारी माणूस यांच्याकडून अर्थातच कोणी मोबदला मागू नये.

आपण संत मार्टिनची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. आमिआं नगराच्या वेशीवर, ऐन थंडीत, त्या तरुण शिपायाने अंगावरचा झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला. तो झगा त्याच्या वापरातला होता, कपाटातला नव्हता. त्याचे चरित्र लिहिणारा सुल्पिसियस आणखी एक गोष्ट सांगतो. अर्धा झगा घातलेल्या मार्टिनला पाहून काही लोक हसले आणि काहींना वाईट वाटले, कारण त्यांच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त होते आणि स्वतः उघडे न पडता त्यांना देता आले असते. आमचा नंबर त्या दुसऱ्या लोकांत लागतो.

आणि यापोची टबीथा! ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत संत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवले. तिच्या हातचे कपडे त्या बायांना मापात बसत असणार. निर्गमाच्या पुस्तकातील नियमही असाच माणूस पाहून केलेला आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करा, कारण तो दुसरे काय पांघरून झोपेल? डिसेंबर-जानेवारीत गोंदिया जिल्ह्यात किती थंडी पडते, ते आपणांस सांगायला नको.

म्हणून यंदा थोडे वेगळे करून पाहावे, असे आम्ही सुचवतो. गाठोडी तशीच वाटू नयेत. कपडे धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे दोरीवर लावावेत. ज्याला जे हवे ते त्याने स्वतः निवडावे आणि इच्छा असल्यास पाच रुपये पेटीत टाकावेत. मुलांचे कपडे देवरी-आमगावकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना द्यावेत व त्यांचे आपण घ्यावेत, म्हणजे वर्गात कोणी कोणाचा शर्ट ओळखणार नाही. स्वेटर, शाल, ब्लँकेट आधी काढून ठेवावे. तुटलेली बटणे लावायला आणि परकरांत नाडे ओवायला चार हात लागतील. सुई-दोरा घेऊन मिस्सानंतर थांबू शकणाऱ्यांनी आपली नावे द्यावीत. पुरुषांनीही.